नववीचा तास, मधली सुट्टी आणि मटकी: प्रकल्प नोंदी

ठिकाण: कोल्हापूर शहर, पेठेतली माध्यमिक शाळा. वर्ग: नववी 'अ', पट ५८. मैदान ४० बाय ३० मीटर, तांबडी माती. शारीरिक शिक्षणाचे तास मंगळवार आणि शुक्रवार, प्रत्येकी ३५ मिनिटे. मधली सुट्टी ४० मिनिटे.

सोमवार, १६ जून

शाळा उघडली. प्रकल्प असा: नववीच्या मुलांची हालचाल वाढवायची आणि मधल्या सुट्टीचे खाणे सुधारायचे. पहिल्या आठवड्यात काही बदलायचे नाही, नुसते मोजायचे.

जागतिक आरोग्य संघटनेचा ५ ते १७ वयासाठीचा सल्ला सरळ आहे: दिवसाला सरासरी ६० मिनिटे धाप लागेल अशी हालचाल, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडे-स्नायू बळकट करणारे काहीतरी. म्हणजे आठवड्याला ४२० मिनिटे. वेळापत्रकात आहेत ७०. तास कितीही चांगला घेतला तरी उरलेली साडेतीनशे मिनिटे मधली सुट्टी, शाळेत येणे-जाणे आणि संध्याकाळ यांतूनच काढावी लागणार.

नववी का? आठवीपर्यंत शालेय पोषण आहार मिळतो. सहावी ते आठवीसाठी दिवसाला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ-कडधान्य, ७५ ग्रॅम भाजी. हिशेबाने ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. नववीत गेले की ताट बंद आणि गेटबाहेरचा गाडा सुरू. भूक मात्र याच वयात दांडगी.

मंगळवार, १७ जून

मोजणीची पद्धत: हजेरीपटावरून तीन क्रमांक आधीच ठरवायचे, त्या मुलांना सांगायचे नाही. प्रत्येकावर एकेक स्टॉपवॉच. मूल चालते-पळते आहे तोवर घड्याळ चालू, थांबले की बंद. जोर किती हे ओळखण्याची साधी खूण: बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ती मध्यम हालचाल, दोन-तीन शब्दांपुढे बोलताच येत नाही, ती जोरकस.

आजच्या ३५ मिनिटांचा हिशेब: जिना उतरून रांग लावणे ८, हजेरी ४, सूचना ५, खेळ १२, परत वर्गात ६. खेळ खो-खो. ज्या तिघांवर घड्याळ होते त्यांची प्रत्यक्ष हालचाल अनुक्रमे ५, ४ आणि २ मिनिटे.

कारण शोधायला लांब जावे लागत नाही. खो-खोत एक पाठलाग करतो, आठ बसलेले असतात, तिघे पळतात. १२ जण झाले. उरलेले ४६ रेषेबाहेर उभे. खेळ चपळाईचा खराच, पण ५८ जणांच्या तासाला तो बसून राहण्याचा खेळ होतो. कबड्डीचे तेच, क्रिकेटचे तर विचारूच नये.

शुक्रवार, २० जून

कपाटात दोन फुटबॉल, एक व्हॉलीबॉल, ३० लेझीम, दोन लांब उडीच्या टेप. सगळे कुलपात. मधल्या सुट्टीत काहीच बाहेर येत नाही. यात आळस नाही, नोंदवही आहे. वस्तू जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या कायम मालमत्तेच्या यादीत, चढली की ती हरवल्या-फुटल्याचा जाब किल्ली ज्याच्याकडे त्याला द्यावा लागतो. मग चेंडू वर्षानुवर्षे नवाकोरा राहतो आणि पोरे कागदाचा बोळा लाथाडतात.

तोडगा: माजी विद्यार्थ्यांकडून १२ रबरी फुटबॉल, ४ नंबरचे. ते जडवस्तूत न घेता उपभोग्य साहित्य म्हणून वेगळ्या वहीत, 'फुटणार, झिजणार' हे गृहीत धरूनच. चेंडू जाळीच्या पिशवीत, पिशवी वऱ्हांड्यातल्या हुकला, कुलूप नाही. मधली सुट्टी संपताना वर्गप्रमुखाने मोजून फळ्याच्या कोपऱ्यात आकडा लिहायचा, इतकेच. ही वही मुख्याध्यापकांच्या सहीने सुरू केली. सही नसती तर महिन्याभरात पिशवीलाही कुलूप लागले असते.

मंगळवार, २४ जून

पावसाने उघडीप दिली, नवी मांडणी लावून पाहिली.

मैदानात ३६ बाय २४ मीटरचा आयत, त्याचे चार तुकडे, प्रत्येकी १८ बाय १२. एका तुकड्यात चार विरुद्ध चार. गोलरक्षक नाही, गोल म्हणजे दोन बाटल्यांमधली दीड मीटरची फट. ३२ जण इथे. उरलेले २६ कडेला लेझीम घेऊन. सात मिनिटांनी अदलाबदल, तेव्हा चेंडूच्या बाजूला ६ जण कमी पडतात. ते आधीच्या खेळाडूंमधूनच आलटून-पालटून घेतले जातात. लेझमीला कमी लेखू नये. ठेका धरला की सगळे एकाच वेळी हलतात, कोणी बाद होत नाही, कोणाची पाळी यायची नसते.

खुणांसाठी एक लिटरच्या रिकाम्या बाटल्या, तिसरा हिस्सा वाळू. कोरड्या दिवशी रेषा रांगोळीच्या भुकटीने. फक्की म्हणून चुन्याचे पोते आणायची सवय सोडली: कळीचा चुना पूर्ण विझलेला नसेल तर ओल्या मातीत तापतो, कातडीला आणि डोळ्याला भाजतो.

हजेरी रांगेत नाही. मुले वर्गातून थेट आपापल्या तुकड्यात येतात, खेळ सुरू होतो, मग फेरी मारत हजेरी. एकट्या रांगेतली बरीच मिनिटे वाचली. आज तिघांच्या घड्याळात १५, १६ आणि १३ मिनिटे.

काय बिघडले: संघ मुलांनी आपले आपण पाडले आणि ते पेठेवार पडले. कोल्हापुरात फुटबॉल आणि पेठ वेगळी काढता येत नाही. शाहू स्टेडियममधल्या सामन्याची खुन्नस इथे नववीच्या तासाला उतरली. पुढच्या वेळेपासून संघ हजेरी क्रमांकाने, दर दोन आठवड्यांनी बदलून.

मंगळवार, १ जुलै

संततधार. मैदान चिखल. आत घ्यायचा तास आज पहिल्यांदा: दहा ठिकाणे, प्रत्येकी सहा मुले, सहा ठिकाणे वऱ्हांड्यात, चार वर्गात बाकांच्या मधल्या पट्ट्यात. ३० सेकंद काम, १५ सेकंद सरकणे. एक फेरी साडेसात मिनिटांची, दोन फेऱ्या १५.

ठिकाणे: बाकावर हात टेकून जोर, बैठका, भिंतीला पाठ लावून हवेतली खुर्ची, कोपरांवर फळी, जागेवर गुडघे उचलून पळणे, दोरीवरच्या उड्या, दप्तर छातीशी धरून उठबस, एका पायावर तोल, बाजूच्या उड्या, पाठीवर झोपून पाय उचलणे. पोटऱ्या आणि मांड्या यांची ठिकाणे लागोपाठ ठेवू नयेत; आज ठेवली होती, चौथ्या ठिकाणी निम्मी मुले बसली.

दोऱ्या घरच्या: ८ मिलिमीटर जाडीची नायलॉन दोरी, प्रत्येकी अडीच मीटर, टोके मेणबत्तीवर वितळवून गाठ. मापाची खूण: दोरीच्या मध्यावर पाय ठेवला की टोके काखेपर्यंत यावीत. लांब दोरी छताच्या पंख्याला आणि शेजारणीच्या वेणीला अडकते.

इशाऱ्यासाठी हलगी आणली होती. मुलांना भलता जोर चढला. वरच्या मजल्यावर गणिताचा तास होता. हलगी दोन मिनिटांत बंद, आता टाळ्या. जिन्यावर पळणे पूर्ण वर्ज्य. ओल्या शहाबादी फरशीवर कॅनव्हासचा बूट साबणासारखा घसरतो.

बुधवार, ९ जुलै

खाण्याचा भाग सुरू. पोषण आहार शिजवणाऱ्या बचत गटाच्या मावशींशी ठरले: त्यांचे सहावी-आठवीचे वाटप संपले की त्याच शेगडीवर नववीसाठी मटकीची भेळ, आठवड्यातून दोन दिवस, १० रुपयांना पुडा. आहाराच्या साठ्यातला एक दाणाही इकडे वळवायचा नाही. जिन्नस वेगळे, डबे वेगळे, हिशेबाची वही वेगळी. अन्नसुरक्षेची नोंदणी गटाच्या नावावर करून घेतली. छोट्या विक्रेत्यासाठीचे शुल्क वर्षाला १०० रुपये पडले.

६० पुड्यांचे माप: कोरडी मटकी १ किलो ७०० ग्रॅम (मोड येऊन, वाफवून साधारण ३ किलो ६०० ग्रॅम), चिरमुरे १ किलो २०० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे ६०० ग्रॅम, कांदा १ किलो, काकडी आणि टोमॅटो मिळून १ किलो, लिंबे १४, कोथिंबीर दोन जुड्या, कांदा-लसूण मसाला १५० ग्रॅम. एका पुड्यात मटकी ६० ग्रॅम, चिरमुरे २०, शेंगदाणे १०. प्रथिने अंदाजे १० ग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे १३ ते १५ वयाच्या मुलाला दिवसाला ४५ आणि मुलीला ४३ ग्रॅम लागतात, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून जास्त. जिन्नस आणि गॅस धरून पुड्याला नऊ रुपयांच्या आसपास बसते. नफा नावालाच आहे, पण तोटा नाही.

मसाल्यात मीठ असतेच, वरून घालायचे नाही. तिखटात मात्र कसर नको. कोल्हापूरच्या पोराला फिक्की भेळ दिली तर तो दुसऱ्या दिवशी कटवड्यावर जाणार, आणि त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही.

शुक्रवार, ११ जुलै

दोन गोष्टी बिघडल्या.

एक, मटकी चिकट झाली, वास आला, पूर्ण घाणा फेकला. कारण: रात्रभर भिजवून फडक्यात बांधली ती पाणी पुरते न निथळता, आणि वर झाकणाचा डबा. हवेत गारवा आणि दमटपणा असला की मोड सावकाश येतात. तेवढ्या वेळात ओल्या, कोंडलेल्या दाण्यावर जंतू वाढतात. आता: ८ तास भिजवणे, चाळणीत अर्धा तास निथळणे, सुती फडके घट्ट पिळून त्यात सैल बांधणे, पुरचुंडी चाळणीतच, खाली हवा खेळती. उन्हाळ्यात १२ तासांत येणाऱ्या मोडांना आत्ता २४ धरायचे. भिजवणे आदल्या दिवशीच्या सकाळी. मोड पाव इंचाच्या पुढे जाऊ द्यायचे नाहीत, कडवटपणा येतो.

आणि कच्ची मटकी द्यायची नाही, कोणी कितीही 'कच्चे म्हणजे पौष्टिक' म्हणो. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच पोट बिघडवणाऱ्या जंतूंना लागते. कुकरला शिट्टी न लावता ७ मिनिटे वाफ. दाणा बोटाने दबतो पण फुटत नाही इतपत. वाफवलेली मटकी दोन तासांत संपवायची, उरलेली घरी न्यायची नाही.

दोन, चिरमुरे सादळले. कढईत मंद आचेवर ५ मिनिटे परतले की पुन्हा कुरकुरीत होतात, पण गार झाल्यावरच पत्र्याच्या डब्यात भरायचे. गरम भरले तर आतली वाफच त्यांना मऊ करते. भेळ एकदम कालवून ठेवायची नाही. सहा-सहा पुड्यांपुरती कालवायची.

मंगळवार, २२ जुलै

शेवेची मागणी जोरात. पहिल्या आठवड्यात शेव नव्हतीच; मुले पुडा घेऊन गेटबाहेर गाड्यावर जात, तिथे वरून मूठभर शेव टाकून घेत आणि सोबत वडाही. आता प्रत्येक पुड्यावर ५ ग्रॅम, मावशींच्या चिमटीने. तत्त्व थोडे वाकले, पण पुडा शाळेच्या आतच संपू लागला.

चहाबद्दल: शिपाईकाकांकडून काही मुली मधल्या सुट्टीत चहा घेतात. मटकीतल्या लोहाला लिंबाने मदत होते आणि चहाने खीळ बसते. या वयाच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागते, मुलाला २२. मुळात ताटात कमी, त्यावर चहा. चहा बंद करा म्हटले नाही. एक तास पुढे ढकला, एवढेच. लोहाची निळी गोळी मिळते त्या दिवशी ती जेवणानंतरच द्यायची. उपाशीपोटी दिली की मळमळते, आणि एकीला मळमळले की पुढच्या आठवड्यात दहा गोळ्या खिडकीबाहेर.

सोमवार, २८ जुलै

पहिला श्रावणी सोमवार. भेळेचा वार बदलून आज ठेवला होता, चूक. ६० पैकी २३ पुडे गेले. निम्म्या वर्गाला उपवास. पुढचे सगळे सोमवार आणि एकादश्या कॅलेंडरवर लाल केल्या. त्या दिवशी मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा आणि केळे. साबुदाण्याची खिचडी पोट भरते, पण तिच्यात दाण्याचे कूट सोडले तर हाती पिठूळपणाच लागतो. कूट दुप्पट करा, हा निरोप घरी गेला.

सोमवार, ११ ऑगस्ट

गेटबाहेरचा गाडा. शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. टेप लावून मोजले: गाडा ३१ मीटरवर. तक्रार करून हलवता आला असता. मग तो ५१ मीटरवर उभा राहिला असता आणि मुले वीस मीटर जास्त चालली असती, एवढाच फायदा.

त्याऐवजी बोलणे केले. गाडेवाल्या मामांचा हिशेब रोखठोक: जे लवकर हातावेगळे होते ते विकायचे. मक्याची कणसे आणि उकडलेल्या शेंगा मधल्या सुट्टीला, वडे शाळा सुटल्यावर ५० मीटरच्या पलीकडे. कणीस भाजायला ४ मिनिटे लागतात आणि सुट्टीत साठ गिऱ्हाइके. म्हणून उकडलेली कणसे आधीच तयार, फक्त लिंबू-तिखट चोळायचे. गिऱ्हाईक तुटले नाही म्हणून मामा टिकून आहेत.

बुधवार, २० ऑगस्ट

विज्ञानाच्या तासाला लेबल वाचन. मुलांनी रिकाम्या बाटल्या, पाकिटे आणली. कोल्ड्रिंकच्या लेबलवर १०० मिलीला १० ते ११ ग्रॅम साखर. २५० मिलीच्या बाटलीत २६ ग्रॅम, म्हणजे चहाचे सहा सपाट चमचे. पाकिटावर 'एका वाढीला' असा रकाना असतो, त्यात वाढ ३० ग्रॅमची धरलेली आणि पाकीट ९० चे. गुणाकार मुलांनीच केला. साखरेने भरलेली बरणी दाखवायला ठेवली होती. तिच्यासोबत फोटो निघाले, बाकी परिणाम शून्य. भिंतीवरच्या तक्त्यांचेही तेच.

अवघड प्रश्न एका मुलीचा: उसाचा रस आणि गूळ तर आपलेच, नैसर्गिक, मग चालेल ना? गुळाच्या गावात याचे उत्तर जपून द्यावे लागते. गुळात थोडी खनिजे असतात, पण तो मुख्यतः साखरच आहे, आणि रसाचा मोठा पेला कोल्ड्रिंकपेक्षा कमी गोड नसतो. शेंगदाणे दोन भाग, गूळ एक भाग, २५ ग्रॅमचा लाडू: हे प्रमाण लिहून दिले. दुकानातल्या चिक्कीत गूळ-साखरेचा वाटा अनेकदा याहून जास्त.

गुरुवार, ११ सप्टेंबर

मुलींची मोजणी वेगळी काढली, ती आधीच काढायला हवी होती. तिघांच्या सरासरीत मुली झाकल्या जात होत्या. मैदानावरच्या १८ बाय १२ च्या तुकड्यात चेंडू मुलांकडेच फिरतो. मुली कडेला उभ्या. तासातली हालचाल मुलांची १६ मिनिटे, मुलींची ९.

कारणे विचारून घेतली, बाईंनी, वर्गाबाहेर. ओढणी आवरत पळता येत नाही. पाळीच्या दिवसांत डाग पडायची भीती. आणि स्वच्छतागृहाला पाणी नसते म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत, मग दुपारी पळताना डोके दुखते. यातल्या एकाही गोष्टीवर 'मुलींना खेळाची आवड नसते' हे उत्तर लागू पडत नाही.

केलेले बदल: तासाच्या दिवशी घरूनच ट्रॅकपँट आणि टी-शर्ट, दिवसभर तोच वेष चालेल असे मुख्याध्यापकांचे लेखी पत्र. स्वच्छतागृहाच्या टाकीचा तरंगता नळ बदलला, पॅडचा डबा आत ठेवला, मागावा लागू नये असा. चारपैकी दोन तुकडे फक्त मुलींचे.

बुधवार, २४ सप्टेंबर

खेलो इंडियाच्या चाचणीतली ६०० मीटर धाव. चौकोनी मैदानावर अंतर चुकते, म्हणून ३५ बाय २५ चा आयत आखला: परीघ १२० मीटर, बरोबर पाच फेऱ्या. फेऱ्या मोजायला प्रत्येकाच्या हातात चार चिंचोके. एक फेरी झाली की एक डब्यात. हात रिकामा झाला की शेवटची फेरी. दोघांनी चिंचोके खिशात घालून नेले, त्यांची वेळ बाद.

दहा जणांची एक तुकडी, जेवणानंतर दीड तासाने, दमा किंवा ताप असलेल्यांना वगळून. चालत पूर्ण केली तरी चालते. निकाल फक्त ज्याचा त्याला, चिठ्ठीवर. वजन-उंची पडद्याआड, आकडा मोठ्याने न बोलता. मोठ्या माणसांचा २५ चा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) या वयाला लावायचा नसतो, वय आणि लिंगानुसार तक्ते वेगळे आहेत. आणि वर्गासमोर वजन पुकारले की त्या मुलाचे जेवण आणि खेळ दोन्ही बिघडतात.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दिवाळीनंतर वर्ग आळसावलेला. तासाचे घड्याळ पुन्हा ११ मिनिटांवर. दोन तासांत मूळ पदावर येईल.

थंडी लागली की जिम आणि तालमीचा मोसम. चार मुलांनी प्रोटीन पावडरीबद्दल विचारले. त्यांच्या दिवसाचा हिशेब त्यांच्याकडूनच मांडून घेतला: अर्धा लिटर दूध १६ ग्रॅम, दोन अंडी १२, आमटी-उसळ, भाकरी, गरजेचे ४५ ग्रॅम केव्हाच ओलांडलेले. डब्यावर खर्च करायचे कारण उरत नाही. एक जण गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर रोज लिटरभर धारोष्ण दूध पितो. दूध उकळून घे, एवढेच सांगितले. पैलवानाचा खुराक पैलवानाच्या मेहनतीला असतो. पहाटेपासूनचे जोर-बैठका आणि मातीतली लढत वजा करून नुसती थंडाई उरवली तर पोटच सुटते. जोर-बैठकांनी उंची खुंटते, ही मात्र खुळी समजूत. स्वतःच्या वजनावरचे व्यायाम या वयाला योग्यच.

बुधवार, २६ नोव्हेंबर

सायकलींसाठी वऱ्हांड्यात उभा पंप ठेवला. स्टँडवरच्या १९ पैकी ७ सायकली नुसत्या हवेअभावी पडून होत्या.

मटकी: रात्री गारठा, मोडांना २४ तासही पुरत नाहीत. पुरचुंडी शेगडीजवळच्या कोपऱ्यात, कोमट पाण्यात भिजवून.

चेंडू: १२ पैकी ८ शिल्लक. दोन बाभळीच्या काट्याने गेले, एक शेजारच्या कौलांवर, एकाचा पत्ता नाही. वहीत तसेच लिहिले. पुढची मागणी ६ चेंडू, १५ मीटर दोरी आणि कौलांवरच्यासाठी लांब बांबू.